नयनराजांचा लांबलेला साखरपुडा

१ जानेवारी २०१८, सोमवार

आजपासून रोजनिशी. राजांची बखर दुसऱ्यांनी लिहायची असते. पण चिमणला विचारलं तर तो म्हणाला, मला सही तेवढी येते. चिमण आमचा जिवलग, होडीवाला. त्याने हात वर केले, म्हणून हे काम आमच्यावरच पडलं.

नोंद असावी म्हणून लिहितो. गेल्या नारळी पौर्णिमेला मिरवणुकीत ट्रॅक्टरवर राजा बसवायचा होता. ठरलेला पोरगा तापाने आडवा पडला. अंगरखा मला बरोब्बर बसला. बंदरापासून डहाणू गावातून फिरून येईपर्यंत लोकांनी हात जोडले, बायकांनी ओवाळलं, एका आजोबांनी तर नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार केली. मिरवणूक संपली. पण राज्य संपलं असं कुणी जाहीर केलं नाही. मी वाट पाहिली. ज्याअर्थी अजून कुणी काही बोललेलं नाही, त्याअर्थी चालू आहे.

मंडळाचे लोक अंगरखा मागायला आले होते. ड्रायक्लीनला दिलाय म्हणून सांगितलं.

संकल्प: चालताना घाई करायची नाही. जेवायला रोज पापलेट, बोंबील बंद. हसायचं कमी, स्मित जास्त. आणि रोजनिशीत 'मी' नाही, 'आम्ही'.

४ जानेवारी

जेवायला बोंबील. आईला पापलेटाचा हुकूम कळवला होता. ती म्हणाली, पापलेट विकायचं असतं, खायला आपल्याला बोंबील. तांडेलाच्या घरात जन्मून तुला एवढं कळू नये? आम्ही निषेध म्हणून एकच भाकरी खाल्ली. मग दुसरी.

बाबांनी विचारलं, उद्या बोटीवर येतोस का. मला बोट लागते हे त्यांना माहीत आहे. बोट हाकणाऱ्या नारू तांडेलाचा मुलगा बंदराबाहेर पडला की ओकतो, हे ते चारचौघांत बोलत नाहीत, एवढी त्यांची मेहेरबानी. आम्ही सांगितलं, राजे लोक किनाऱ्यावरून राज्य करतात. बाबा म्हणाले, मग दुकान तरी वेळेवर उघड. दुकान म्हणजे आमचं मोबाईल रिचार्जचं.

११ फेब्रुवारी, रविवार

सिंहासन आलं. तलासरीच्या एका मंडपवाल्याकडे लग्नाच्या स्टेजवरची खुर्ची होती. लाल मखमल, हातांना सिंह. एका सिंहाला नाक नाही. मंडपवाला म्हणाला, "एटलूं तो चाले." चालतं. पल्सर त्याला दिली. तशीही राजाला मोटरसायकल शोभत नाही. येताना टेम्पोत सिंहासनावरच बसून आलो. चारोटी नाक्यावर लोक बघत होते.

घराच्या दारातून ते आत जाईना. दोर लावून गच्चीवर चढवलं. आता तिथेच दरबार. गच्चीवर आईचे बोंबील वाळतात, त्यांना तात्पुरतं राहू दिलंय.

आईने विचारलं, हे कुणाच्या लग्नाचं? आम्ही म्हणालो, कुणाच्याच नाही. ती म्हणाली, तेच तर.

१ एप्रिल, रविवार. संध्याकाळ

विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा. चिमणबरोबर गेलो. दर्शन झालं, मग मोठ्या पाळण्यात बसलो. रयत वरून बघावी, नीट दिसते.

पाळणा उतरताना दोन माणसं उंचीवर थांबला. खाली सुक्या मासळीचा बाजार. एक गिऱ्हाईक एका मुलीला म्हणत होतं की बोंबील नीट वाळलेले नाहीत. तिने एक बोंबील उचलला, त्याच्या कानापाशी नेला आणि काडकन मोडला. गिऱ्हाईकाने पैसे काढले. आम्ही वरून टाळ्या वाजवल्या. तिने मान वर करून पाहिलं आणि हसली. आम्ही स्मित करणार होतो, पण जोरात हसू आलं. मग पाळणा फिरला.

चिमणने चौकशी केली. नाव भाविनी. झाई गावची. बापाची बोट आहे, ही स्वतः टेम्पो चालवते आणि बोर्डीच्या बाजारात मासळी टाकते.

राणी ठरली. तिला कळवायचं राहिलंय.

२२ एप्रिल, रविवार

आई-बाबा झाईला जाऊन आले. आम्ही गेलो नाही. राजा मुलगी बघायला जात नसतो, दूत जातात. आईला घर आवडलं, माणसं आवडली, मुलगी तर फारच. मुलीची जानीआत्या तेवढी तोंडाने तिखट आहे, असं कळलं. त्यांनी विचारलं, मुलगा का नाही आला. बाबा म्हणाले, त्याला बरं नाही. हे आम्हाला पटलेलं नाही.

१३ मेला ते घर बघायला येणार. तयारीला लागतो. मोर हवा.

९ मे

मोर पाळायला कायद्याने बंदी आहे. उंबरगावकडच्या एका वाडीतून टर्की आणली. पिसारा फुलवते. लांबून आणि चष्मा नसला तर मोरच. नाव मयूर.

१३ मे, रविवार

योजना अशी होती. पाहुणे अंगणात येतील. चिमण शंख फुंकेल. आम्ही गच्चीच्या जिन्यावरून सावकाश उतरू.

झालं असं की चिमणच्या शंखातून नुसती हवा आली. मी, म्हणजे आम्ही, वर सिंहासनावर शंखाची वाट बघत बसलो. खाली पोहे झाले, चहा झाला. बाबा दोनदा हाक मारून गेले. शंखाशिवाय उतरणं बरं दिसलं नसतं. मयूरने जानीआत्याचा पदर धरला आणि सोडेना. आत्या ओट्यावर चढून बसली.

शेवटी भाविनीच वर आली. बोंबलांच्या दोरीखालून वाकून. आमच्याकडे बघितलं, सिंहासनाकडे बघितलं, आणि विचारलं की याचं प्लास्टिक काढायचं नाही का. आम्ही सांगितलं, मखमल खराब होते. ती इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मग खाली गेली. पाहुण्यांची बस होती.

एकूण छाप चांगली पडली.

१४ मे

होकार आला. झाईहून मेसेज आहे की मुलगी म्हणते, हसवतो तरी.

हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. आम्हाला आनंद झाला. खरं लिहायचं तर गच्चीवर एकटाच नाचलो.

१५ जून, शुक्रवार

मासेमारी बंद. अधिक महिना संपला. भाविनीचे वडील म्हणतात, आषाढाआधी साखरपुडा उरकून घेऊ. उरकून! तो शब्दच मनाला लागला. राजघराण्यात काही उरकत नसतात. कळवून टाकलं की झुंबर आल्याशिवाय साखरपुडा नाही.

बाबा म्हणाले, बंदीचे दिवस आहेत, सगळे किनाऱ्यावर आहेत, याहून चांगली वेळ नाही. आणि जाळी विणायला ये. आम्ही जाळ्यांच्या खोलीत गेलो. जाळी विणली नाहीत, पण खोली बघितली. रुंद शटर, उंच छप्पर. सिंहासन आत जाईल. दरबार इथे हलवायचा. जाळी बाहेर राहतील, त्यांना काय, तशीही समुद्रात भिजतात.

१० जुलै

भाविनीचा रोज फोन येतो. बंदीत खाडीची मासळी नेते; टेम्पो चालवताना कानाला हेडफोन असतो, मागे बर्फाची खोकी आदळल्याचा आवाज. विचारते, महाराज, आज काय हुकूम? मग बाजारातल्या गमती सांगते. आम्हीही सांगतो. तिचा फोन आला की दुकानात गिऱ्हाईक उभं आहे हे मला दिसत नाही. आज एक माणूस स्वतःच रिचार्ज करून निघून गेला.

तिने विचारलं, झुंबर कधी येणार. आम्ही म्हणालो, मुरादाबादहून निघालंय. ती म्हणाली, चालत निघालंय का.

२७ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा झाली. यंदा मंडळाने चिमणला राजा केलं. अंगरखा नवा शिवला. आम्हाला आधी धक्का बसला, पण नंतर विचार केला. मोठ्या राजाखाली मांडलिक असतातच. चिमणला मांडलिक म्हणून मान्यता दिली. तो बरं म्हणाला आणि वडापाव खाऊ लागला. राजा बोले दल हाले म्हणतात. आमचं दल बोटीवर गेलेलं असतं, एवढाच फरक.

झुंबर आलं. बारा दिव्यांचं. नऊ लागतात.

भाविनीच्या वडिलांचा फोन. म्हणाले, आता तरी. बाबा म्हणाले, मी त्यांना किती वेळा सांगायचं की मुलगा चांगला आहे? हे बाबांचे शब्द, माझे नाहीत.

२ ऑक्टोबर

साखरपुड्याची कल्पना सुचली. अशी कल्पना पूर्वी कुणाला सुचलेली नसणार. बोर्डीचा किनारा, सुरूची झाडं, लाल गालिचा. पश्चिमेला सूर्य बुडतोय, पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र वर येतोय, आणि मधोमध समुद्रातून हंसाच्या आकाराच्या होडीत आम्ही. वरून ड्रोन. तारीख २४ ऑक्टोबर. पौर्णिमा.

आईचं म्हणणं, तुळशीचं लग्न तरी होऊ दे. राजे तुळशीसाठी थांबत नाहीत. होडीचं आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. फक्त 'सूर्यास्ताला प्रकट होऊ' एवढंच कळवलंय. बाबांना वाटतंय आम्ही जीपने येऊ.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

चिमणच्या होडीला थर्माकोलची हंसाची मान बसवली. चोच जरा बगळ्यासारखी झाली. चिमण सकाळपासून काहीतरी सांगायला बघतोय. "उद्या पुनव आहे, पाण्याचं—" एवढं म्हणाला. आम्ही त्याला हाताने थांबवलं. शुभकार्याच्या आदल्या दिवशी नन्नाचा पाढा नको. पाण्याचं काय करायचं ते पाणी बघेल.

चिमण बरं म्हणाला.

२४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

अंगरखा, मोजडी, तुरा. आईने पाठीचे बंद बांधले, ते आपले आपल्याला बांधता येत नाहीत. आम्ही फार सुंदर दिसतोय.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

काय घडलं ते शांतपणे लिहितो.

दुपारी भरपूर पाणी होतं. होडी डौलात निघाली. बोर्डीसमोर लांबवर नांगर टाकला आणि सूर्यास्ताची वाट बघत बसलो. मला बोट लागली. अंगरख्यावर येऊ दिलं नाही. मग हळूहळू होडी हलायची थांबली आणि बरं वाटू लागलं. तिथेच शंका यायला हवी होती.

डोकं वर केलं तर समुद्र नव्हता. पार लांब, एक चकाकती रेघ. आमच्या चहुबाजूंनी चिखल, त्यात खेकडे. चिमण बिडी ओढत होता. म्हणाला, पुनवेला भरती दुपारी असते, तिन्हीसांजेला पाणी उंबरगावला जातं; काल तेच सांगत होतो. कोळ्याच्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, असं तो म्हणाला नाही. पण बिडी तशी ओढत होता.

किनाऱ्यावर सगळे दिसत होते. एवढे एवढे. गुरुजी, तिचे वडील, आई-बाबा. वर ड्रोन घिरट्या घालत होता.

भाविनी चिखल तुडवत आली. नव्या साडीचा काष्टा मारलेला, हातात पेढ्यांचा डबा. होडीपाशी येऊन आधी खूप हसली, थर्माकोलच्या मानेला टेकून. मान तुटली. मग म्हणाली, उतर, सगळे थांबलेत, गुडघाभरच आहे. आम्ही म्हणालो, गालिचा इथवर आणता येईल का ते बघ. ती म्हणाली, नयन, उतर. मी म्हणालो, राजा चिखलात कसा उतरेल, व्हिडिओ चाललाय.

तिने पेढे चिमणकडे दिले आणि परत गेली. तिची पावलं चिखलात बराच वेळ दिसत होती. पाणी परत आलं तेव्हा किनाऱ्यावर फक्त बाबा होते.

दोष समुद्राचा. त्याने फितुरी केली. बाबा मात्र आज बंदरावर गेले नाहीत. तिथे कुणीतरी विचारेल, म्हणून.

२८ ऑक्टोबर, रविवार

भाविनीचा फोन. रागावलेली नाही. म्हणाली, उद्या सकाळी साधा शर्ट घालून ये. आई साखर देईल, नारळ देऊ, पाच मिनिटांत होतं. मी हो म्हणणारच आहे, तू फक्त ये.

मी हो म्हणणार होतो. अगदी तोंडावर आलं होतं. पण शर्ट? इतकं झाल्यावर शर्टावर गेलो तर लोक म्हणतील, गर्व उतरला. शिवाय दरबाराचं पीओपी चालू आहे. तिला सांगितलं, २ डिसेंबर, दरबारात, झुंबराखाली. मागे बर्फाचा आवाज येत होता. मग म्हणाली, बरं.

१२ नोव्हेंबर, सोमवार

काल सूर्य बुडायच्या सुमारास जमीन हादरली. भांडी वाजली, मयूर झाडावर चढली. तलासरीकडे जास्त जाणवलं म्हणतात. लोक घाबरून रस्त्यावर. आम्ही दरबारात होतो. झुंबर किणकिणलं. धरणीने सलामी दिली, असं आम्ही मानतो.

२६ नोव्हेंबर

धक्के थांबत नाहीत. तलासरीकडे, झाईकडेही लोक अंगणात झोपतात. चादरी, ताडपत्र्या, कुठे तंबू. भाविनी टेम्पोत झोपते. म्हणाली, टेम्पो हलला तर काही वाटत नाही, त्याची सवय आहे.

पीओपीचं सिलिंग पूर्ण झालं. मधोमध कमळ, कमळातून झुंबर. एका पाकळीला बारीक चीर दिसते, ती शोभेची आहे असं कारागीर म्हणाला. बाबा आत येऊन वर बघून गेले. म्हणाले, अंगणात मांडव घालू. आम्ही साफ नाही म्हटलं. एवढं सगळं कशासाठी केलं मग?

२ डिसेंबर, रविवार

पाहुणे आले. सगळे अंगणात थांबले. दरबाराच्या शटरपर्यंत आले, वर बघितलं, झुंबर बघितलं, आणि मागे फिरले. जानीआत्या म्हणाली, आम्ही तीन आठवडे छपराखाली झोपलो नाही आणि या काचेखाली बसू? गुरुजींनीही पाट अंगणातच मांडला. आईने सतरंज्या टाकल्या. म्हणजे आमच्या साखरपुड्यात आम्ही सोडून सगळे बाहेर.

आम्ही सिंहासनावर बसून राहिलो. एकजण आत आला की बाकीचे येतील, असा हिशेब होता. बाबा येऊन म्हणाले, उठ. चिमण येऊन म्हणाला, बाहेर भजी आहेत. आम्ही हललो नाही.

मग धक्का बसला. लहान होता, पण झुंबर या भिंतीपासून त्या भिंतीकडे झुललं आणि कमळाची पाकळी आमच्या तुऱ्यावर पडली. तेव्हाही हललो नाही. लोक याला धैर्य म्हणतील. खरं म्हणजे पाय उचलत नव्हते.

भाविनी उंबऱ्यावर आली. चेहरा पांढराफटक.

"नयन, बाहेर ये."

"तू आत ये," मी म्हणालो. "तू आलीस की सगळे येतील."

तिने वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी स्मित केलं. ती गेली.

तिच्या वडिलांनी आणलेला नारळ परत पिशवीत घातला. आई त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेली, हात जोडत. भजी उरली.

३ डिसेंबर

तिला विचार करायला वेळ हवा असणार. मोठा निर्णय आहे, राणी व्हायचं म्हणजे. घोडामैदान जवळच आहे.

फोन लागला नाही. नेटवर्क. धक्क्यांमुळे होत असेल.

११ डिसेंबर, मंगळवार

चिमण म्हणतो, उंबरगावचा एक बोट-इंजिनाचा मेकॅनिक झाईला येऊन गेला. इंजिन बघायला नाही, मुलगी बघायला. हे दबावाचं राजकारण आहे, आम्ही ओळखतो. चिमणला तसं सांगितलं. तो नेहमीसारखा बरं म्हणाला नाही. म्हणाला, नयन, तू जा. आजच जा.

आज दुकानात गर्दी होती. रविवारी बघू.

१६ डिसेंबर, रविवार

जाणार होतो. अंगरख्याला इस्त्री नव्हती.

२३ डिसेंबर, रविवार. सकाळ

निर्णय झाला. झाईला जाऊन सगळ्यांना क्षमा करायची. पूर्ण पोशाखात, म्हणजे प्रसंगाला वजन येईल. आई बंद बांधताना म्हणाली, आज नको जाऊस. कारण विचारलं तर सांगेना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अभिमानाचं असावं.

२३ डिसेंबर. संध्याकाळ

शेअर जीपने बोर्डी, तिथून झाई. जीपवाल्याने विचारलं, नाटक कुठे आहे. मी तुरा सावरला.

भाविनीच्या अंगणात मांडव होता. कापडाचा, हलका, वर आकाश दिसत होतं. माणसं, लहान मुलं, जेवणाचा वास. वाटलं, आपण येतोय हे यांना आधीच कळलं. तेवढ्यात जानीआत्या समोर आली. तिने मला अंगरख्यावरून ओळखलंच नाही. म्हणाली, बँडवाले मागच्या बाजूला बसा, तुमची पंगत आत्ता लागेल. मागच्या बाजूला खरंच बँडवाले बसले होते. त्यांचे अंगरखे लाल, माझा निळा. त्यांनी सरकून जागा दिली.

काय करणार, बसलो. ताट आलं. मांडवात काय चाललंय ते तिथून दिसत होतं. एक सावळा, जाडसर मुलगा, चेक्सचा शर्ट. बाजूला भाविनी. कुणीतरी साखर दिली, कुणीतरी नारळ दिला, टाळ्या झाल्या. खरंच पाच मिनिटांत झालं.

मग ती जिलबी वाढायला मागे आली. माझ्या ताटापाशी थांबली. मी काहीतरी बोलणार होतो. क्षमेचं वाक्य पाठ केलं होतं, ते आठवेना. मी म्हणालो, झुंबर उतरवलंय मी. ते खोटं होतं.

ती हळूच बोलली, कुणाला ऐकू जाणार नाही असं. "मी तीनदा आले, नयन. गच्चीवर आले, चिखलात आले, त्या झुंबराच्या दारात आले. तू एकदाही खाली उतरला नाहीस. मला तुझा राजा आवडायचा रे. पण तू मला नुसतंच बोलवत राहिलास."

जिलबी वाढली. एक जास्त वाढली. पुढच्या पंगतीला गेली.

येताना बँडवाल्यांच्याच टेम्पोत बसलो. क्लॅरिनेटवाल्याने विचारलं, तुम्ही काय वाजवता. म्हटलं, सध्या काही नाही.

२४ डिसेंबर

दुकान उघडलं नाही. ताप असावा. नाही, मोजला, नाही.

२६ डिसेंबर, बुधवार

आम्ही विचार केला. झाईची राणी गेली, राजकन्या अनेक असतात. उत्तरेकडे, म्हणजे वापीकडे, दूत पाठवावेत. नव्या वर्षाचे संकल्प करायला हवेत. पहिला संकल्प लिहायला घेतला आणि पेन तसंच धरून बसलो.

तिचा फोन आता येणार नाही. सकाळी टेम्पोचा आवाज आला की अजून उठून बसतो. रस्त्यावरून टेम्पो खूप जातात. मला फार वाईट वाटतंय. एवढं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

दुपारी चिमण आला, रिचार्ज मारायला. दुकान बंद बघून घरी आला. मी आतून आईला सांगितलं, त्याला सांग, महाराजांची प्रकृती ठीक नाही, आज भेट होणार नाही.

आई दारात गेली. तिचा आवाज आतपर्यंत आला. "नयन रडतोय रे. उद्या ये."

चिमण बरं म्हणाला. पण गेला नाही. अजून ओट्यावर बसलाय.